सागरावरील हमरस्ता आणि त्याचे मजूर



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा "एक रस्ता" एवढेच आम्ही सांगितले, आणि ते क्षणभर गप्प राहिले. कामगार संघटनेचा माणूस बोलायला उभा राहणार म्हणजे पगार, बोनस, नाहीतर संप यांवर बोलणार अशी त्यांची समजूत असावी. ती अगदीच चुकीची नव्हती. या रस्त्याच्या कथेत पगार आहे, बोनस तर आहेच आहे, आणि कामगारांच्या सुट्टीचा एक दिवसही आहे. रस्ता मात्र आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्याच्या दक्षिण टोकापासून समुद्रात शिरणारा, एका हाताला अटलांटिक महासागर आणि दुसऱ्या हाताला मेक्सिकोचे आखात ठेवून ११३ मैल जाणारा हा रस्ता. तिकडे त्यास 'ओव्हरसीज हायवे' म्हणतात. आपण सागरी हमरस्ता म्हणू.

आमची त्याची गाठ कशी पडली तेही सांगून टाकतो. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सगळे नगरवाचनालयात, शब्दकोश उशाला घेऊन. पु. ल. देशपांडे यांनी 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणलेली हेमिंग्वेची कादंबरी आम्ही वाचली, आणि हा गृहस्थ होता तरी कोण या चौकशीला लागलो. तेव्हा कळले की तो १९३५ साली की वेस्ट नावाच्या बेटावर राहत होता आणि त्या साली त्याने अमेरिकेतील एका डाव्या साप्ताहिकात एक जळजळीत लेख लिहिला होता. लेखाच्या मथळ्यातच प्रश्न होता: या माजी सैनिकांचा खून कोणी केला? एवढे वाचल्यावर कामगार चळवळीतला माणूस पुस्तक मिटून झोपू शकत नाही.

प्रथम भूगोल ध्यानात घ्या. फ्लॉरिडाच्या टोकापासून नैर्ऋत्येकडे बेटांची एक माळ वाकत गेली आहे. ही सगळी प्रवाळाची, चुनखडकाची बेटे. त्यांना 'की' म्हणतात. किल्लीशी त्याचा काही संबंध नाही. लहान बेटाला स्पॅनिश भाषेत 'कायो' म्हणतात, त्याचा हा अपभ्रंश. जमीन बहुतेक ठिकाणी समुद्रसपाटीपासून जेमतेम पुरुषभर उंच, विहिरीला गोडे पाणी नाही. माळेच्या शेवटी की वेस्ट. तेथून क्यूबाची राजधानी हवाना अवघी सुमारे १०५ मैल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे फ्लॉरिडातले सर्वांत मोठे शहर होते, हे आज कोणाला खरे वाटणार नाही. क्यूबातून आलेले हजारो कामगार तेथे चिरूट वळीत. त्यांची एक रीत आम्हांस फार आवडली. कामगार आपल्या पैशातून एक वाचक नेमीत. तो उंच बैठकीवर बसून दिवसभर वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या मोठ्याने वाची, आणि हात तंबाखूत असलेले लोक कानांनी शिकत. क्यूबाच्या स्वातंत्र्याचा पुढारी होसे मार्ती यास पैसा आणि माणसे पुरविली ती याच चिरूटवाल्यांनी.

या बेटापर्यंत जमिनीवरून जाता यावे हे ज्याने प्रत्यक्षात आणले तो हेन्री फ्लॅगलर. रॉकफेलरचा भागीदार, स्टँडर्ड ऑइल कंपनीचा एक संस्थापक. तेलात मिळालेला पैसा त्याने फ्लॉरिडात हॉटेले आणि आगगाडी यांत घातला. १८९६ साली त्याची गाडी मायामीस पोहोचली. पनामा कालव्याचे काम अमेरिकेने हाती घेतल्यावर, कालव्याला सर्वांत जवळचे खोल बंदर की वेस्ट ठरेल या हिशेबाने १९०५ साली त्याने समुद्रातून लोहमार्ग नेण्याचे जाहीर केले. त्यावेळी त्याचे वय पंचाहत्तर. लोकांनी त्यास 'फ्लॅगलरचा मूर्खपणा' म्हटले, आणि अशी नावे नेहमीप्रमाणे पुढे स्तुतीची झाली.

ते बांधकाम अद्भुत होते यात शंका नाही. लाँग की येथे एकापुढे एक १८० कमानी. पुढे सात मैलांचा पूल. बहिया होंडा येथे पाणी खोल म्हणून लोखंडी कैच्यांचा पूल. एका वेळी चार चार हजार माणूस कामावर असे, आणि त्यांना प्यायचे पाणीसुद्धा मुख्य भूमीवरून आणावे लागे. बहामाचे काळे मजूर, क्यूबाचे, स्पेनचे, इटलीचे, ग्रीसचे, आणि न्यूयॉर्कच्या गल्ल्यांतून दलालांनी गोळा केलेले बेकार. या बेकारांना गाडीभाडे उचल म्हणून देत आणि पगारातून कापीत. काम सोडावे म्हटले तर बेटावरून निघायला होडी कंपनीचीच. वेठबिगारीच्या कायद्याखाली दलालांवर सरकारने खटलाही भरला, पण १९०८ साली आरोपी सुटले.

ऑक्टोबर १९०६ मध्ये वादळ झाले. लाँग कीजवळ मजुरांना तरंगत्या बराकींत ठेवलेले होते. वाऱ्याने नांगर तुटले, एक मोठी बराक खुल्या समुद्रात जाऊन फुटली, आणि त्या एका वादळात शंभराहून जास्त मजूर गेले. कंपनी त्यातून एक गोष्ट शिकली, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. पुढे माणसांना पाण्यावर तरंगत ठेवण्याची पद्धत तिने बंद केली, आणि १९०९ व १९१० सालच्या वादळांत माणसे पुष्कळ कमी दगावली. हे साल आणि हे ठिकाण आपण ध्यानात ठेवावे.

२२ जानेवारी १९१२ रोजी पहिली गाडी की वेस्टला लागली. डब्यात ८२ वर्षांचा फ्लॅगलर होता. पुढच्या वर्षी तो वारला. ज्या व्यापाराच्या आशेवर मार्ग बांधला तो व्यापार काही आला नाही. मोटारी मात्र आल्या. १९२० नंतर फ्लॉरिडात जमिनीच्या सट्ट्याला ऊत आला आणि मोटारीने की वेस्टपर्यंत जाता यावे अशी हाकाटी सुरू झाली. जानेवारी १९२८ मध्ये रस्ता खुला झाला, पण तो दोन तुकड्यांचा. मध्ये सुमारे ४० मैल मोटार फेरीबोटीवर चढवायची आणि तास न् तास समुद्रात बसायचे. मधला हा तुटका भाग जोडायला पैसा नव्हता. पाठोपाठ मंदी आली, चिरुटाचा धंदा पूर्वीच टँपाकडे गेला होता, आणि जुलै १९३४ मध्ये की वेस्ट शहराने हात वर केले. नगरपालिकेने आपला कारभार राज्याच्या गव्हर्नरच्या स्वाधीन केला आणि गव्हर्नरने तो केंद्राच्या बेकारी निवारण खात्याकडे दिला. त्या खात्याने ठरविले की प्रवासी आणायचे, आणि प्रवासी आणायचे तर रस्ता जोडायचा. मजूर कोठून आणायचे? येथे आपली कथा निराळ्याच वाटेने येऊन मिळते.

पहिल्या महायुद्धातील अमेरिकन सैनिकांना १९२४ च्या कायद्याने बोनस कबूल झाला होता. देशात काढलेल्या दिवसाला एक डॉलर, समुद्रापार काढलेल्या दिवसाला सव्वा डॉलर. परंतु बहुतेकांच्या हाती पैसा आला नाही, कागद आला, आणि त्या कागदाचे पैसे १९४५ साली मिळायचे होते. मरणाऱ्याच्या वारसाला मात्र लगेच. म्हणून सैनिक त्यास थडग्यावरचा बोनस म्हणू लागले. ज्यांनी प्रॉव्हिडंट फंडाच्या कचेरीत खेटे घातले आहेत त्यांना ही थट्टा समजावून सांगावी लागणार नाही.

१९३२ च्या उन्हाळ्यात हजारो बेकार माजी सैनिक, कित्येक बायकामुलांसह, मालगाड्यांनी आणि पायी वॉशिंग्टनला येऊन बसले. मागणी एकच: आमचे आहे ते आत्ता द्या. १७ जूनला सिनेटने नकार दिला. २८ जुलै रोजी पोलिसांच्या गोळीने दोन सैनिक ठार झाले आणि त्याच दिवशी जनरल मॅकार्थर घोडदळ, संगिनी, रणगाडे आणि अश्रुधूर घेऊन निघाले. ज्यांनी फ्रान्समध्ये लढाई केली त्यांच्या झोपड्या त्यांच्याच सैन्याने जाळल्या. नोव्हेंबरात हूव्हर निवडणूक हरले.

रूझवेल्ट अधिक शहाणे. त्यांनी सैन्य धाडले नाही, काम दिले. बोनसला त्यांचाही विरोधच होता. पुन्हा राजधानीत येणाऱ्या सैनिकांना १९३४ च्या अखेरीपासून दक्षिणेतील छावण्यांत पाठविण्यात येऊ लागले. दोन वर्षांपूर्वी जो प्रश्न वॉशिंग्टनच्या मध्यावर तंबू ठोकून बसला होता तो आता राजधानीपासून हजार मैल दूर, मच्छरांच्या बेटावर गेला. आमच्या मते हेतू निव्वळ वाईट नव्हता. भुकेल्याला काम देणे हे उत्तमच. पण नजरेआड करण्याची सोयही त्यात होती, आणि आम्ही इतकी वर्षे युनियनचे काम करतो आहोत त्यात ही सोय पुष्कळदा पाहिली. त्रासदायक माणसाची बदली दूरच्या डेपोत होते.

फ्लॉरिडाच्या बेटांवर तीन छावण्या पडल्या: एक विंडली की येथे, दोन लोअर मॅटेकुम्बी बेटाच्या दोन टोकांना. सुमारे सातशे माणसे हजेरीपटावर. मजुरी जेवणखाण धरून महिना ३० डॉलर. काम म्हणजे विंडली कीच्या खाणीत प्रवाळाचा दगड काढणे, आणि फेरीबोटीची गरज नाहीशी करण्यासाठी लोअर मॅटेकुम्बीपासून पुढे पुलाचे खांब उभारणे. राहायला तंबू आणि पातळ फळ्यांच्या झोपड्या, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. १९०६ साली जेथे बराक फुटली ते लाँग की येथून पलीकडचेच बेट. आगगाडीच्या कंपनीने शंभर माणसे गमावून जे शिकून घेतले होते ते सरकारच्या खात्याने २९ वर्षांनी विचारले नाही.

दगड फोडण्याविषयी आम्हांस थोडे माहीत आहे. १९७२ च्या दुष्काळात आमची आई रस्त्याच्या कामावर खडी फोडीत असे आणि आम्ही झोळीत असू. ती सांगे की फुटलेल्या खडीची चीप डोळ्यात जाते तेव्हा आधी दुखत नाही, संध्याकाळी दुखते. सुकडी मिळे, मजुरी मिळे, आणि त्या मजुरीवर आम्ही जगलो. म्हणून मदतीच्या कामांची सरसकट टवाळी आम्ही कधी करीत नाही. मुकादमाने पाण्याची आणि सावलीची सोय केली आहे की नाही, एवढेच आम्ही आधी पाहतो.

सप्टेंबरचा पहिला सोमवार हा अमेरिकेत कामगारदिन. १८८६ साली शिकागोत रक्त सांडले त्यावरून साऱ्या जगाने १ मे धरला. अमेरिकेच्या सरकारने १८९४ साली सप्टेंबरची सुट्टी दिली. १९३५ साली हा सोमवार २ सप्टेंबरला आला. शनिवार, रविवार आणि सोमवार अशी जोडून सुट्टी, म्हणून छावण्यांतले बरेच लोक मायामीला खेळाचा सामना पाहायला गेले होते. ते वाचले.

वादळ लहान होते, आणि तीच फसगत झाली. त्याच्या डोळ्याची रुंदी जेमतेम आठ-नऊ मैल. हवामान खात्याचा अंदाज असा की ते फ्लॉरिडा आणि क्यूबा यांच्यामधल्या सामुद्रधुनीतून निघून जाईल. त्या काळी उपग्रह नव्हते, समुद्रातल्या जहाजांच्या तारांवर सगळी मदार. वादळ पाहून जहाजेच दूर पळाली तर तारा कोण करणार? तेव्हा अंदाज चुकला याबद्दल हवामान खात्याला आम्ही फार दोष देत नाही. पण सोमवारी सकाळी वादळ बेटांच्या जवळ आहे एवढे कळले होते. छावण्यांच्या अधिकाऱ्यांची मदार मायामीहून येणाऱ्या एका खास गाडीवर होती. ती मागविण्याचा निरोप रेल्वे कंपनीला गेला तो दुपारी दोनच्या सुमारास.

कंपनी तेव्हा दिवाळखोरीत, न्यायालयाच्या देखरेखीखाली चाललेली. सुट्टीचा दिवस, म्हणून गाडीवरचे नोकर घरोघरी शोधून आणावे लागले. सुमारे ४ वाजून २५ मिनिटांनी गाडी सुटली. मायामी नदीवरचा उचलता पूल सुट्टीतल्या सहलीच्या होड्यांसाठी उघडलेला होता, तेथे थांबली. होमस्टेडला एंजिन फिरवून मागे लावले, कारण परतताना माणसांनी भरलेली गाडी वादळातून तोंड पुढे करून न्यावी असे ड्रायव्हरने ठरविले. बेत शहाणपणाचा, पण त्यातही वेळ गेला. बेटांवर शिरल्यावर खडी उचलण्याच्या यारीची सुटलेली तार एंजिनात अडकली. ती तोडण्यात तासाहून अधिक गेला. इस्लामोराडा येथे गाडी पोहोचली तेव्हा रात्रीचे सव्वाआठ होऊन गेले होते.

आणि समुद्र आला. लाट नव्हे, अठरा-वीस फूट उंच पाणी बेटावरून एका बाजूने शिरले आणि दुसऱ्या बाजूने गेले. अकरा डबे रुळांवरून उचलून फेकले गेले. एंजिन तेवढे उभे राहिले. हवेचा दाब ८९२ मिलिबारपर्यंत उतरला होता. अमेरिकेच्या भूमीवर आलेल्या कोणत्याही वादळात इतका कमी दाब त्यापूर्वी आणि त्यानंतरही नोंदलेला नाही. वाऱ्याचा वेग ताशी १८५ मैल असावा असे आताचे शास्त्रज्ञ म्हणतात. त्या वाऱ्यात प्रवाळाची वाळू अंगावर येते ती चामडी सोलते. लोअर मॅटेकुम्बीच्या छावणीत काही जण रुळांवर उभ्या असलेल्या, पाण्याने काठोकाठ भरलेल्या टाकीच्या डब्याला धरून राहिले. तो जड डबा हलला नाही आणि ते जगले.

मेलेल्यांची संख्या चारशेच्या वर गेली. त्यांत अडीचशेहून अधिक माजी सैनिक. बाकीचे बेटांवरचे पिढीजात रहिवासी, कोळी आणि शेतकरी, ज्यांची अख्खी कुटुंबे नाहीशी झाली. त्यांची आठवण सैनिकांच्या मानाने कोणी काढीत नाही, कारण त्यांच्यामागे कोणतीही संघटना नव्हती. उष्णता एवढी की तीन-चार दिवसांत प्रेते हलविणे अशक्य झाले. लष्करी इतमामाने दफन करण्याचा बेत सोडून बहुतेकांना तेथेच लाकडाच्या ढिगांवर जाळावे लागले. आपल्याला अग्नी देण्याचे काही वाटणार नाही. पण ज्यांच्या घरी मातीत ठेवण्याची रीत, त्या आयांना हे कळल्यावर काय झाले असेल?

हेमिंग्वे मदतीच्या होडीतून मॅटेकुम्बीला गेला आणि पाहिले ते त्याने लिहिले. इकडे सरकारचे दोन अधिकारी चौकशीला आले आणि ८ सप्टेंबरला, म्हणजे वादळानंतर सहाव्या दिवशी, त्यांचा अहवाल तयार होता. निष्कर्ष असा की ही देवाची करणी, कोणाही माणसाचा दोष नाही. माजी सैनिकांच्या खात्याने स्वतःचा तपासनीस पाठवला, त्याने मात्र छावण्यांच्या अधिकाऱ्यांवर हलगर्जीपणाचा ठपका ठेवला. ते कागद त्यावेळी लोकांपुढे आले नाहीत. १९३६ साली काँग्रेसच्या समितीपुढे साक्षी झाल्या, आणि कोणालाही शिक्षा झाली नाही.

बंधूंनो, असा अहवाल आम्ही एकदा आमच्या हाताने घेतला आहे. एका कारखान्यात, त्याचे नाव येथे घेत नाही, वाफेच्या नळीपाशी आमचा एक सोबती गेला. झडप खराब असल्याचा अर्ज आम्ही सतरा दिवस आधी दिला होता, त्यावर पोच होती. चौकशीच्या कागदात लिहून आले: आकस्मिक अपघात. त्या दिवसापासून 'देवाची करणी' हे शब्द कोणत्याही सरकारी कागदावर दिसले की आम्ही आधी तारखा मांडून पाहतो. येथेही मांडल्या. वादळ देवाचे, हे कबूल. तंबू देवाचे नव्हते. दुपारच्या दोनपर्यंत गाडी न मागविणे हेही देवाचे नव्हते.

असे असूनही हेमिंग्वेने वापरलेला खुनाचा शब्द आम्ही वापरणार नाही. खुनाला कोणीतरी एक मनात धरणारा लागतो. येथे तसा कोणी सापडत नाही, आणि आम्हांस तेच अधिक भयंकर वाटते. एकाला वाटले गाडी दोन-तीन तासांत येईल; कंपनी म्हणाली गाडी तयार ठेवण्याचा करार आमच्याशी झालाच नव्हता; खात्याला वाटले अंदाज येऊ द्या, उगाच खर्च कशाला. आणि उन्हाळाभर वर्तमानपत्रांनी या माणसांविषयी लिहिले होते ते असे की ती दारुडी, भटकी, युद्धाने डोके फिरलेली माणसे आहेत. काही दारू पीत असत, हे खरे असावे. परंतु ज्यांना आधीच वाया गेलेले ठरविले त्यांच्यासाठी रिकामी परत येण्याची भीती असलेली गाडी कोण मागवतो? या ठिकाणी कोणी मोठे लोक सुट्टीला उतरले असते तर गाडी रविवारी येऊन उभी राहिली असती, असे आमचे मत आहे. ते मत आहे, पुरावा नव्हे.

जानेवारी १९३६ मध्ये, रूझवेल्ट यांचा नकाराधिकार बाजूला सारून काँग्रेसने बोनस मंजूर केला. नऊ वर्षे आधी. मॅटेकुम्बीवर गेलेल्यांच्या दृष्टीने पाच महिने उशिरा.

रस्त्याचे काय झाले? वादळाने चाळीस मैलांचा लोहमार्ग उखडला, आणि दिवाळखोर कंपनीने तो पुन्हा बांधला नाही. पूल मात्र जवळजवळ सगळे शाबूत होते. राज्याने पूल आणि जमीन ६ लाख ४० हजार डॉलरला विकत घेतली, म्हणजे फ्लॅगलरने घातलेल्या कोट्यवधींच्या मानाने मोडीच्या भावात. पुलांवर काँक्रीट टाकून रस्ता केला. उखडलेले रूळच कठड्यांना वापरले. बहिया होंडाच्या पुलाच्या कैच्यांमधून दोन मोटारी शेजारून जाईनात, तेव्हा रस्ता कैच्यांच्या डोक्यावरून नेला. त्यावरून मोटार हाकणाऱ्यांचे पाय कापत असे म्हणतात. मार्च १९३८ मध्ये मोटारी मुख्य भूमीपासून थेट की वेस्टपर्यंत धावू लागल्या. १९५४ पर्यंत टोल होता. १९४२ साली नौदलाने रस्त्याच्या कडेने नळ टाकला आणि की वेस्टला प्रथमच मुख्य भूमीचे गोडे पाणी आले. १९८२ पर्यंत बहुतेक जुन्या पुलांच्या जागी नवे रुंद पूल झाले.

आता बेटांवरून पळायला हा एकच रस्ता, म्हणून वादळाची चाहूल लागली की आधी प्रवासी, मग रहिवासी, असे टप्प्याटप्प्याने हलवितात. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळ याच माळेवर येऊन आदळले, तेव्हा बेटे रिकामी करण्याचा हुकूम कित्येक दिवस आधी निघाला होता.

इस्लामोराडा येथे रस्त्यालगत प्रवाळी दगडाचे एक स्मारक आहे. नोव्हेंबर १९३७ मध्ये ते उघडले. दगडात वाऱ्याने वाकलेले माड कोरले आहेत आणि त्याखाली सैनिक आणि रहिवासी अशा दोघांची रक्षा एकत्र ठेवली आहे. तेथून काही मैल पुढे, लोअर मॅटेकुम्बी ओलांडल्यावर, रस्त्यापासून थोड्या अंतरावर उथळ पाण्यात काँक्रीटचे काही खांब उभे आहेत. माजी सैनिकांनी आपल्या पुलासाठी बांधलेले खांब ते हेच. रस्ता आगगाडीच्या पुलांवरून गेला, त्यामुळे या खांबांचा उपयोग कोणालाच झाला नाही, आणि ते पाडण्याचा खर्चही कोणी केला नाही. मोटारी बाजूने जातात. आता त्यांवर पक्षी बसतात.